चेटकिणीला शेजारणीचा चेहरा देऊ नका

आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोककथांतल्या दुष्ट पऱ्या आमच्या चंद्रपूरच्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं हल्ली हौसेनं काढतात. पाण्याकाठी घोडा होऊन उभा राहणारा आणि पाठीवर बसेल त्याला तळाशी नेणारा केल्पी, माणसाच्या रक्तात टोपी रंगवणारा रेडकॅप. ब्रायन फ्राऊड आणि ॲलन ली यांनी 1978 च्या पुस्तकात रंगवलेलं हे जग आता मुलांच्या मोबाइलवर आहे. मला ही चित्रं मनापासून आवडतात. भीतीला रूप देणं हे चित्रकाराचं जुनंच काम.

पण तीच मुलं आपली चेटकीण काढायला बसली, की कागदावर येते सुरकुतलेली, पांढरे केस सोडलेली, बिनकुंकवाची म्हातारी. गोष्टींच्या पुस्तकांनी आणि मालिकांनी त्यांच्या डोळ्यांपुढे तीच ठेवली आहे. माझा विरोध या चित्राला आहे.

आमच्याकडे या चित्राची किंमत माणसं मोजतात. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक पुरुष जादूटोण्याच्या संशयावरून जाळले गेले. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू असूनही ही स्थिती आहे.

पऱ्यांच्या मुलखातही हे घडलं आहे. 1895 मध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लीअरी ही कपडे शिवणारी तरुण बाई आजारी पडली. खरी बायको पऱ्यांनी नेली, घरात तिचं सोंग उरलं, असं म्हणत नवऱ्यानं तिला जाळलं.

म्हणून मी मुलांना सांगतो, भीती जंगलातून घ्या. उन्हाळ्यात पानं झडून पांढराफटक उभा राहणारा भुत्या वृक्ष बघा. बांबूच्या रांजीतला भरदुपारचा अंधार बघा. वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या देवळावरचे व्याल बघा. त्या शिल्पकारांनी अनेक प्राण्यांची अंगं जोडून अचाट जीव घडवले. यातून निघणारी परी केल्पीइतकीच भयंकर होईल आणि ती आपली असेल.

मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांनी आणि चित्रकारांनी पुढच्या आवृत्तीपासून चेटकिणीची म्हातारी काढून टाकावी. दात, नखं, शिंगं हवी तेवढी रंगवा. गावात एकट्या राहणाऱ्या बाईला चेटकिणींच्या रांगेत उभं करू नका.