ओव्याची पुडी

दिवाळीच्या फराळाने पोट फुगते, हे मान्य. पण शिमगा आला तरी ते उतरत नसेल, तर दोष चकलीला देऊ नये!

माझ्या एका काकूंनी असेच चार महिने ओव्यावर काढले. अंडाशयाचा कर्करोग कळला तेव्हा पोटात पाणी साचले होते.

हा रोग दबक्या पावलांनी येतो. पोट फुगणे, दोन घासांतच भरणे, ओटीपोट दुखणे, लघवीला वारंवार लागणे. यात घाबरण्यासारखे काय, असेच कुणालाही वाटेल. पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. तिला हा सापडत नाही. ब्रिटनमधील २ लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, तक्रार नसताना केलेल्या रक्ततपासणीने वा सोनोग्राफीने मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ साली दिसून आले. तेव्हा तक्रार हीच खूण.

म्हणून भगिनींनो, विशेषतः पन्नाशीनंतर, असे काही नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकले, तर डॉक्टरांकडे जा. आईला, बहिणीला, मावशीला वा आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगा. बहुधा साधे अपचनच निघेल. निघो! एक खेप फुकट गेली, एवढेच.