बोली वाढत का नाही?

परवा बुरोंडीच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहत उभा होतो. सुरमईच्या ढिगाभोवती चार व्यापारी. एकाने बोली लावली, दुसऱ्याने थोडी चढवली, बाकीचे दोघे समुद्राकडे पाहत राहिले. लिलाव संपला. ‘एवढ्यातच?’ मी शेजारच्या तांडेलाला विचारले. तो म्हणाला, ‘साहेब, जाळ्याला पैसे त्याचे, डिझेलला त्याचे. मग माल दुसरा कसा घेईल?’

व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव पाडू नये, बोली अडवू नये, असा कायदा आपल्याकडे आहे. २००२चा स्पर्धा कायदा. त्यातली ही कलमे २० मे २००९पासून लागू झाली. करार कागदावरच हवा असे नाही, तोंडी समजूतही त्यात येते. आपल्या शेजारच्या गोव्यात औषधविक्रेत्यांच्या संघटनेची ‘ना हरकत’ मिळाल्याशिवाय कंपनीला नवा घाऊक विक्रेता नेमता येत नसे. २०१२मध्ये स्पर्धा आयोगाने ही प्रथा बेकायदा ठरवून संघटनेला दंड केला.

(आम्हा बँकवाल्यांनी फार हसू नये. बचत खात्याचा व्याजदर २०११पर्यंत सगळ्या बँकांत एकच असे. तो रिझर्व्ह बँक ठरवी म्हणून त्याला शिस्त म्हणायचे, इतकेच!)

पण संगनमत सिद्ध करायचे कसे? युरोपने यावर उपाय काढला, तो मला एखाद्या कादंबरीतला वाटतो. टोळीतला जो आधी येऊन कबुली देईल, त्याला दंड माफ. ट्रक बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९९७पासून चौदा वर्षे किमतींबाबत साटेलोटे केले होते. त्यांतल्या ‘मान’ने ते उघड केले आणि ती सुटली, इतरांना २०१६मध्ये मिळून २९३ कोटी युरोंचा दंड झाला. आपल्याकडेही कबुली देणाऱ्याला दंडात सवलत आहे.

बुरोंडीत मात्र कबुली द्यायची कोणी? आणि कशाची? तिथे कट रचावाच लागत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद. घर चालवायला आणि ऑगस्टात होडी लोटायला उचल घ्यायची, ती माल देऊन फेडायची. एकाच्या ऋणकोच्या मालावर दुसरा बोली लावत नाही, याला किनाऱ्यावर लबाडी नव्हे, रीत म्हणतात. तक्रार करणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात दारात उभे कोण करील?

यात माझाही वाटा आहे. मी ज्या शाखेत होतो, तिथे होडीच्या कर्जाला सात-बारा मागत. समुद्राचा सात-बारा कुठून आणायचा? महिना-दोन महिने कागद फिरत. व्यापारी संध्याकाळी रोख मोजून देई. खेटे घालून थकलेला एक खारवी म्हणाला होता, ‘साहेब, तुमचं व्याज कमी, पण त्याचा पैसा वेळेवर.’ मी त्याचा अर्ज त्रुटीचा शेरा मारून परत पाठवला होता.

तांडेलाला मी हे सांगितले नाही. त्याची सुरमई तोवर टेम्पोत चढली होती.