पडला तरी चालेल

गेल्या रविवारी शेजारच्या बाळाचा पहिला वाढदिवस झाला. औक्षण झालं, केक कापला आणि पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न आलाच, ‘वर्षाचा झाला की! अजून चालत नाही?’ आई ओशाळली. आत्याबाईंनी मात्र उत्तर भेटीतूनच आणलं होतं, दिव्यांचा, गाणी म्हणणारा वॉकर. तोवर सतरंजीवर रांगत, सोफा धरून उभं राहत, मधेच बसकण मारत पोराचा आपला उद्योग चालला होता. त्याला उचलून वॉकरमध्ये बसवलं, तर ते फरशीवरून भिरभिरत जाऊन टीव्हीच्या टेबलावर आदळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आमच्या माळ्यावरचा पांगुळगाडा आठवला.

कोणत्या महिन्यात बाळाने काय करावं याची कोष्टकं रुजवण्यात येल विद्यापीठातल्या आर्नल्ड गेझेल यांचा मोठा वाटा आहे. गंमत अशी, की घाईविरुद्धचा बोलका पुरावाही त्यांचाच. १९२९ साली त्यांनी आणि हेलन थॉम्प्सन यांनी जुळ्या बहिणींपैकी एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे पायऱ्या चढायचा रोज सराव दिला. दुसरीला काहीच शिकवलं नाही. मग ५३व्या आठवड्यापासून तिला फक्त दोन आठवडे शिकवलं आणि ती बहिणीच्या बरोबरीला आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचा पल्ला ८.२ ते १७.६ महिने इतका ऐसपैस आहे. चारेक टक्के मुलं तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. तेव्हा वर्षाच्या बाळाच्या आईने ओशाळण्यासारखं काही नव्हतं.

पण गेझेल म्हणत तसं सारं काही आतल्या घड्याळाबरहुकूम उलगडतं, हेही पुरतं खरं नाही. तान्ह्या बाळाला काखेत धरून उभं केलं की ते पावलं टाकल्यासारखे पाय हलवतं. दोनेक महिन्यांत हे थांबतं. मेंदू परिपक्व होतो म्हणून थांबतं, असं पूर्वी सांगत. १९८०च्या दशकात एस्थर थेलन यांनी अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, तर पावलं परत आली. पायांना छोटी वजनं बांधली, तर पावलं कमी झाली. बाळ पावलं विसरलं नव्हतं. अंगावर बाळसं चढलं होतं आणि ते वजन उचलण्याइतकं बळ अजून पायांत आलं नव्हतं. म्हणजे चालणं एकट्या मेंदूच्या हुकमाने येत नाही. स्नायू, वजन, पायाखालची जमीन, समोरचं खेळणं, सगळ्यांची मोट बांधली जाते तेव्हा पाऊल पडतं.

आणि पावलाबरोबर अक्कलही वाढते. ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांच्या बारीक नोंदी ठेवून मांडलं, की पहिली दोन वर्षं मूल हातापायांनीच विचार करतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ रुमालाखाली लपवलेली वस्तू रुमाल ओढून काढतं, तेव्हा ‘दिसत नाही तरी आहे’ हा शोध त्याच्या हाताने लावलेला असतो. न्यूयॉर्कच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी याच्या पुढची गोष्ट दाखवली. अनेक आठवडे रांगलेलं बाळ तीव्र उतारापाशी शहाण्यासारखं थबकतं. तेच बाळ चालू लागलं की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं. रांगताना कमावलेलं शहाणपण चालताना कामी येत नाही, ते नव्याने कमवावं लागतं. कसं? त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात साधारण वर्ष-दीड वर्षाची मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती.

वॉकर नेमकी हीच शिकवणी बंद करतो. वजन बैठकीवर, तोल चाकांवर, स्वतःची पावलं ताटाखाली झाकलेली. १९९९ मध्ये अमेरिकेत १०९ बाळांचा अभ्यास झाला. त्यात वॉकरमधली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला उशिरा लागली. सगळ्याच अभ्यासांत फरक इतका ठळक नाही, पण वॉकरने मूल लवकर चालतं ही समजूत काही टिकलेली नाही. जिन्यावरून कोसळण्याचा धोका वेगळाच. त्यापायी कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच नव्हे, जाहिरातीवरही बंदी घातली.

पांगुळगाड्याचं तसं नाही. तीन लाकडी चाकं आणि धरायला दांडी. मूल मागे स्वतःच्या पायांवर उभं असतं. गाडा पुढे पळाला की ते धपकन बुडावर बसतं आणि कितपत रेटायचं हे त्याचं त्याला कळतं. अर्थात पांगुळगाडाही हवाच असं नाही. मोकळी जमीन, अनवाणी पाय आणि जवळपास वावरणारं मोठं माणूस पुरतं.

मात्र वाट पाहणं म्हणजे डोळेझाक नव्हे. दीड वर्ष झालं तरी मूल चालत नसेल, एकच बाजू वापरत असेल किंवा येत असलेली गोष्ट विसरत असेल, तर डॉक्टर गाठावा. अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावरही वाढीचे टप्पे दिलेले असतात. ते शेजारच्या मुलाशी तुलना करायला नव्हे, वेळीच मदत मिळावी म्हणून.

परवा सकाळी भिंतीपलीकडून खरखर ऐकू आली म्हणून डोकावले. वॉकर कोपऱ्यात पडला होता. बाळराजे प्लॅस्टिकचं स्टूल ढकलत स्वयंपाकघराकडे निघाले होते आणि आई दोन्ही हात पसरून मागे वाकून चालत होती.

‘काकू, पडेल हो तो!’

‘अगं, पडला तरी चालेल.’