मिस्ड कॉल आणि आउटबॅक

इथे ॲडलेडमध्ये मे महिना आला की हापिसातल्या आपल्या लोकांना एकदम आउटबॅकची ओढ लागते. उन्हाळा संपलेला असतो, रात्री गार असतात, कुणीतरी नवीकोरी फोर व्हील ड्राइव्ह घेतलेली असते. मग लंच टेबलवर नकाशे उघडतात आणि दरवर्षी न चुकता एक प्रश्न माझ्याकडे येतो: "अरे, ते सॅटेलाइटवालं गॅजेट कुठलं घेऊ? बेस्ट कुठलं?"

आपण इंजिनियर लोक. आपल्याला तुलनेचा तक्ता दिला की आपण खूश. वजन किती, बॅटरी किती, ॲप कसं आहे, ब्लूटूथ आहे का. मीही असाच तक्ता केला होता. एक्सेल शीट, रंगबिरंगी. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांना दोन स्टेंट. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी आणि बायकोने ठरवलं, त्यांना ऊडनाडट्टा ट्रॅक दाखवायचा. मारी ते मार्ला, सुमारे सव्वासहाशे किलोमीटरचा कच्चा रस्ता, जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जाणारा. बाबा आयुष्यभर रेल्वेत, त्यामुळे गंजलेले पूल आणि ओसाड स्टेशनं बघून ते हरखले होते.

कावर्ड स्प्रिंग्ज सोडलं आणि थोड्या वेळाने मागचं टायर गेलं. बदललं. वीस मिनिटांनी दुसरं गेलं. स्टेपनी एकच. पुढे विल्यम क्रीक, म्हणजे एक पब आणि मोजकी घरं. मागे काही नाही. फोनला रेंज नाही. ऊन पस्तिशीच्या आसपास.

मी शांतपणे, जरा ऐटीतच, सॅटेलाइट मेसेंजर काढला. तक्त्यात पहिला आलेला. चालू केला आणि लक्षात आलं की त्याचं सबस्क्रिप्शन मी आदल्या वर्षी बंद केलं होतं. महिन्याचे काही डॉलर वाचवायला. निघायच्या गडबडीत ते पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. सबस्क्रिप्शन नाही म्हणजे एसओएसही नाही. माझ्या हातात शेकडो डॉलर्सचा एक नारिंगी पेपरवेट होता.

आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "जरा छातीत भरल्यासारखं वाटतंय रे. उन्हामुळे असेल."

पुढचे तीन तास मी इथे लिहू शकत नाही, लिहायचेही नाहीत. बाबांना गाडीच्या सावलीत झोपवलं, गोळी दिली, आई त्यांचा हात धरून बसली. पाणी चाळीस लिटर होतं, ती एक गोष्ट आम्ही बरोबर केली होती. हळूहळू त्यांना बरं वाटलं. शेवटी एका कॅटल स्टेशनवरचे (स्टेशन म्हणजे गुरांचं शेत, रेल्वेचं नव्हे) एक आजोबा यूट घेऊन आले. आपल्याकडचा ट्यूबलेस पंक्चरवाला काढतो तशी रबरी दोरीची किट त्यांनी काढली आणि पंधरा मिनिटांत टायर बुजवलं. जाताना फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही इकडे आहात हे कुणाला माहीत आहे का?"

कुणालाही माहीत नव्हतं.

तर सांगायचा मुद्दा असा की 'बेस्ट गॅजेट कुठलं' हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न असा: सगळं बिघडलेलं असताना, मी घाबरलेलो असताना, माझ्या मूर्खपणासकट, कोणती गोष्ट चालेल? प्रॉडक्शन सिस्टिमचा विचार आपण असाच करतो ना? मग घरच्यांच्या जिवाचा विचार करताना आपण फीचर लिस्ट का वाचत बसतो?

माझं मत स्पष्ट आहे. पहिला नंबर पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. मुठीत मावणारा डबा, अँटेना उघडायची, बटण दाबायचं. तो ४०६ मेगाहर्ट्झवर पाच वॅटने सिग्नल फेकतो. तो सिग्नल कॉस्पास-सारसॅट या यंत्रणेचे उपग्रह पकडतात. ही यंत्रणा सोव्हिएत युनियन, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या काळात एकत्र येऊन उभी केली, आणि १९८२ मध्ये तिने पहिला जीव वाचवला. इथे ऑस्ट्रेलियात तो इशारा कॅनबेरातल्या बचाव समन्वय केंद्राकडे जातो, ते केंद्र ॲम्सा, म्हणजे ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटी चालवते. जीपीएसवाला पीएलबी असेल तर जागा साधारण १२० मीटरपर्यंत नेमकी कळते, नसेल तर पाचेक किलोमीटरपर्यंत. म्हणून जीपीएसवालाच घ्या, यात काटकसर नको. शिवाय जवळ आलेल्या बचाव पथकाला माग काढता यावा म्हणून तो १२१.५ मेगाहर्ट्झवरही सिग्नल देत राहतो. एकदा चालू केला की निदान २४ तास.

याला सबस्क्रिप्शन नाही. चार्जिंग नाही, बॅटरी वर्षानुवर्षं सीलबंद पडून राहते, फक्त डब्यावरची मुदत बघत जा. ॲप नाही, पेअरिंग नाही, पासवर्ड नाही. माझ्यासारखा बावळटही ज्यात चूक करू शकणार नाही असं हे यंत्र आहे. आणि हेच त्याचं सगळ्यात मोठं फीचर.

"पण त्याच्यावर बोलता येत नाही!" हा पहिला आक्षेप. बरोबर आहे. पण जरा आठवा. लहानपणी बाबा ड्यूटीवरून उशिरा निघाले की घरी एक मिस्ड कॉल यायचा. एक रिंग, कट. त्याचा अर्थ 'निघालो'. बोलणं शून्य, पैसे शून्य, आणि तरी आईला जे कळायला हवं ते सगळं कळायचं. पीएलबी म्हणजे आभाळाकडे दिलेला मिस्ड कॉल आहे. त्यात एवढंच असतं: मी अमुक, मी इथे, आणि मी मरणाच्या दारात आहे.

आता 'मी अमुक' हा भाग आपोआप होत नाही. मिस्ड कॉल कुणाचा हे कळायला नंबर सेव्ह असावा लागतो. त्यासाठी पीएलबी ॲम्साकडे नोंदवावा लागतो. नोंदणी फुकट आहे, दर दोन वर्षांनी ताजी करायची. त्यात आपत्कालीन संपर्क म्हणून दोन-तीन माणसांचे नंबर द्यायचे, आणि प्रवासाला निघताना मार्ग, गाडी, माणसं किती हेही ऑनलाइन टाकता येतं. बटण दाबलं की ते लोक आधी या माणसांना फोन करतात. म्हणून कृपया साताऱ्यातल्या आईचा एकटीचा नंबर देऊ नका. इथल्या, तुमचा प्लॅन माहीत असलेल्या मित्राचाही द्या. परदेशातून स्वस्तात मागवलेला पीएलबी तिकडच्या देशाच्या कोडचा असतो, म्हणून तो इथेच, ऑस्ट्रेलियन कोडिंगचा घ्या.

आता माझ्याच मताची दुसरी बाजू. त्या दिवशी माझ्याकडे पीएलबी असता तर मी दाबला असता का? दोन पंक्चर हे पीएलबी दाबायचं कारण नव्हे. तो गंभीर आणि समोर उभ्या ठाकलेल्या धोक्यासाठी आहे, मुद्दाम गैरवापर केला तर गुन्हा आहे. (चुकून दाबला गेला तर लगेच ॲम्साला कळवा, त्याला दंड नाही. लाजेने गप्प बसू नका, तिकडे कुणीतरी विमान काढत असेल.) पण स्टेंट असलेला माणूस छातीत भरल्यासारखं होतंय म्हणतो तेव्हा? आज मी म्हणतो, तेव्हा दाबायचाच. आपल्याकडे संकोच फार. 'उगाच कशाला लोकांना त्रास' या वाक्याने आपली किती माणसं उशिरा दवाखान्यात पोचतात, तुम्हीच आठवा.

पण दोन टायर आणि बरी तब्येत या मधल्या परिस्थितीसाठी दोन्हीकडून बोलणारा सॅटेलाइट मेसेंजर खरंच उपयोगी आहे. गार्मिनचा इनरीच किंवा झोलिओ इरिडियमवर चालतात. इरिडियमचे ६६ उपग्रह पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरत असतात, त्यामुळे रेंज जगभर. 'टायर गेलं, सगळे ठीक, मदत पाठवा' असं लिहिता येतं, आणि समोरून उत्तर येतं. तेवढ्याने माणसाची अर्धी भीती जाते. म्हणून माझ्या यादीत तो दुसरा. त्याला चार्जिंग लागतं, सबस्क्रिप्शन लागतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी अंगणात उभं राहून एक टेस्ट मेसेज पाठवावा लागतो. हे शेवटचं मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं आहे.

"पण आता फोनमध्येच सॅटेलाइट आहे की!" हा यंदाचा लाडका आक्षेप. आहे. आयफोन १४ पासूनची एसओएस सोय ऑस्ट्रेलियात मे २०२३ मध्ये आली. टेल्स्ट्राने जून २०२५ मध्ये स्टारलिंकच्या उपग्रहांवरून एसएमएस सुरू केले. मला यातलं तंत्रज्ञान भयंकर आवडतं. पण फोन हा आपण गाणी ऐकायला, फोटो काढायला, नकाशा बघायला वापरतो. डॅशबोर्डवर तापून तो स्वतःच बंद पडतो. पडला की स्क्रीन जाते. एकाच वस्तूवर नकाशाही आणि जीवही टांगणं याला आपल्या धंद्यात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बोनस म्हणून उत्तम, आधार म्हणून नाही. साध्या मोबाईल नेटवर्कची तर बातच नको. कंपन्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येला कव्हरेज आहे असं सांगतात ते खरंच आहे, पण लोक राहतात किनाऱ्याला. जमिनीच्या हिशेबात सगळ्यात मोठं नेटवर्कसुद्धा देशाच्या एक तृतीयांशाच्या आसपासच पोचतं.

सॅटेलाइट फोन? डॉक्टरशी थेट बोलता येतं, हा मोठा फायदा. पण ऑनलाइन जुन्या बाजारात स्वस्त थुराया फोन दिसला तर हात लावू नका. एप्रिल २०२४ मध्ये थुराया-३ उपग्रह बिघडला आणि इथली त्यांची सेवाच गेली. यूएचएफ रेडिओ मात्र गाडीत असावाच. ४७७ मेगाहर्ट्झ, ट्रकवाले चॅनेल ४० वर, आणि चॅनेल ५ आणीबाणीसाठी राखीव. पल्ला थोडाच, पण त्या पल्ल्यात जो आहे तो सगळ्यात लवकर पोचणारा माणूस असतो.

एक सूचना घरी जाणाऱ्यांसाठी. इकडचा मेसेंजर सह्याद्रीत ट्रेकला म्हणून भारतात नेऊ नका. परवानगीशिवाय उपग्रह संपर्काचं साधन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एका कॅनेडियन धावपटू बाईंना गोव्याच्या विमानतळावर इनरीच जवळ बाळगल्याबद्दल पकडलं होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला एक पैसा पडत नाही. १९९८ च्या डिसेंबरमध्ये लेक आयरजवळ एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी वाळूत रुतली. दोघं चालत निघाले. तो मागे फिरून गाडीजवळ आला आणि वाचला. ती चालत राहिली आणि गेली. १९६३ च्या डिसेंबरमध्ये बर्ड्सविल ट्रॅकवर पेज कुटुंबातले पाच जण गेले, तेही गाडी सोडून निघाले होते. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. यंत्र कुठलंही असो, गाडी सोडायची नाही. आणि निघण्याआधी कुणालातरी सांगून जायचं: कुठून, कुठे, कधीपर्यंत, आणि अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

गंमत म्हणजे हे आपल्याला नवीन नाहीच. 'पोचलास की फोन कर' हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यापैकी कुणी घराबाहेर पडलेलं नाही. आपण त्याला कटकट समजलो. ती मुळात शोध आणि बचाव यंत्रणेची पहिली पायरी आहे, आणि बहुतेक आया ती चोख सांभाळतात.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी पीएलबी आणला. किंमत त्या दोन टायरांइतकीच. साताऱ्याला परतण्याआधी बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, "एवढाच? बरा आहे. हा कधी वापरू नकोस, पण विसरूही नकोस."

यंदा जुलैमध्ये पुन्हा जातोय, उरलेला ट्रॅक बघायला. नोंदणी ताजी केली आहे, टेस्ट मेसेज गेला आहे, दोन स्टेपन्या घेतल्या आहेत. आणि मार्ला आलं की साताऱ्याला फोन. एक रिंग देऊन कट नाही, पूर्ण बोलून.