काळी शीट लावली ना?

मोबाइल दुरुस्तीला टाकताय? मग ऐका. बऱ्याच फोनमध्ये एनएफसी कॉइल आणि बॅटरी यांच्या मधोमध साधारण ०.१ मिलिमीटरची काळी, वाकणारी शीट असते. फेराइटची! ती चुंबकीय क्षेत्राला बाजूने वाट काढून देते. ती नसेल तर ते बॅटरीच्या धातूत वाया जातं आणि ‘टॅप’ केलेलं पेमेंट अडतं. तिची चुलत बहीण म्हणजे प्लास्टिकमध्ये चुंबकीय पूड कालवलेली शीट. ती सर्किटचा गोंगाट गिळते, त्याची उष्णता करते. आमच्या सुलतानपूरजवळच्या लोणारच्या काळ्या दगडातलं मॅग्नेटाइटही फेराइटच, बरं का! गावातल्या दुरुस्तीवाल्या दादांनी माझी शीट चिमट्याने अलगद उचलून परत चिकटवली. शहरात घाईघाईत ती कचऱ्यात जाते. तेव्हा बिल देण्याआधी एकदा विचाराच!