शिकारीचा थाट, जंगलाची वाट

“वहिनी, हे साधंसुधं जाकीट नाही. परदेशातले शिकारी हेच घालतात. पाऊस आत येत नाही, पण घाम मात्र बाहेर जातो!” धाकट्या दिराने मोठ्या उत्साहाने मोबाइलवरचे चित्र पुढे केले. जाकिटाची किंमत होती 18,000 रुपये. जोडीला पँट, टोपी आणि बूट धरले, तर बेरीज 35,000 च्या घरात जात होती.

“भावजी, आपण वाघ बघायला चाललोय, मारायला नाही,” वहिनी हसत म्हणाल्या. “आणि आईंच्या कानाच्या यंत्राचं काय ठरलं?”

दीर गप्प झाला. पहिल्या नोकरीतून साठवलेले पैसे त्याने खरे तर आईच्या श्रवणयंत्रासाठी बाजूला काढले होते. पण आईच “मला काय करायचंय यंत्र?” म्हणून टाळत होत्या, आणि सुट्टीत दादाकडे आल्यावर जंगलाच्या गप्पांनी त्याचे मन फिरले होते.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठा भाऊ म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये एका कारखान्यात नोकरीला. एकीकडे औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल यांमुळे या भागात ठिकठिकाणची कुटुंबे येऊन राहिली आहेत. नागरहोळे आणि बंडीपूर ही दोन्ही जंगले येथून काही तासांच्या अंतरावर. साहजिकच पाहुणे आले की जंगलाचा बेत ठरतो, आणि बेत ठरला की कपड्यांची खरेदी निघते.

शिकार संपली, थाट उरला

म्हैसूर आणि शिकार यांचे नाते जुने आहे. बंडीपूरचे रान हे एकेकाळी म्हैसूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव क्षेत्र होते. मारलेले वाघ-बिबटे जतन करून देणारा व्हॅन इंगेन यांचा कारखाना याच शहरात होता आणि त्याची कीर्ती जगभर होती. पण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चित्र पालटले. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या जंगलांत बंडीपूरचा समावेश झाला. आज आपल्याकडे हौसेखातर शिकार करणे हा गुन्हा आहे. मग शिकाऱ्याचा पोशाख घ्यायचा तो कशासाठी?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे पाहायला हवे, की त्या जाकिटात आपण नेमके कशाचे पैसे मोजतो.

युरोप-अमेरिकेतला शिकारी कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास एका जागी बसून राहतो. हालचाल नसल्याने अंगात ऊब तयार होत नाही, म्हणून त्याला जाड अस्तर लागते. हात हलवला तरी सळसळ होऊ नये म्हणून कापड मऊ, लवदार असते. पाऊस आणि बर्फ रोखण्यासाठी आत अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बसवलेला असतो. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी एका प्लास्टिकला झटक्याने ताणून असा पापुद्रा तयार करण्याची युक्ती शोधली. पाण्याचा थेंब त्यातून आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते.

मात्र यात एक मेख आहे. वाफ बाहेर पडते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा. आपल्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीचिंब आणि कोमट असते. तेव्हा हजारो रुपयांचे जाकीटही आतून घामाने ओले होते. थंड, कोरड्या मुलखात जे गुण सोन्याच्या मोलाचे, ते कोकणात किंवा कबिनीच्या काठी निम्मेही उपयोगी पडत नाहीत.

जनावरांना काय दिसते?

राहिला प्रश्न पानाफुलांच्या ठिपक्यांचा. हरणांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा कळत नाही. म्हणूनच अमेरिकेत हरणांच्या शिकारीवर जाणारे लोक भडक नारिंगी बंडी घालतात. ती दुसऱ्या शिकाऱ्याला लांबूनही दिसते, हरणाला मात्र उठून दिसत नाही. उलट निळा रंग त्यांना चांगला दिसतो. म्हणजे ‘जंगलाचा पोशाख’ म्हणून आपण हमखास घालतो ती निळी जीनच तेवढी नको! शिवाय सफारीच्या गाडीचे इंजिन धडधडत असताना कापडाची सळसळ कोण ऐकणार? प्राणी बिचकतात ते माणसांच्या मोठ्या आवाजाने, हातवाऱ्यांनी आणि अत्तराच्या वासाने. शांत बसायला एक पैसाही पडत नाही.

लष्करी गणवेशासारखे कपडे तर टाळलेलेच बरे. सेनेने 2022 मध्ये आणलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीची नोंदणी केलेली आहे. तिची परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी तसा वेश करणे हाही गुन्हा ठरतो.

जिथे पैसा वाचवू नये

याचा अर्थ जंगलात कसेही कपडे चालतात असा नाही. गाडीतून न उतरणाऱ्यांचे ठीक आहे, पण पायी भटकणाऱ्यांनी गोचिडींपासून सावध राहायलाच हवे. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडींमुळेच पसरतो. आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यातही त्याने माणसे दगावली आहेत. अशा भागात पूर्ण बाह्यांचा सदरा, मोज्यात खोचलेली लांब पँट आणि बंद बूट हवेतच. रंगही फिकट असावा, म्हणजे अंगावर चढलेली गोचीड चटकन दिसते. महागड्या ठिपकेदार कापडावर ती नेमकी लपून जाते! घरी परतल्यावर कपडे लगेच धुवावेत आणि मुलांचे अंग नीट तपासावे.

थंडीसाठी लोकर उत्तम. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. सुती कापड मात्र भिजले की अंग गारठवते. आपल्याकडचे धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उगीच रानात फिरत नव्हते.

हिशेब असा करावा

वहिनींनी वही उघडली आणि दिराला एक सोपा हिशेब मांडून दाखवला. कपड्याच्या किमतीला तो किती दिवस वापरला जाईल त्या दिवसांनी भागायचे. वर्षातून दोन सहली, अशी तीन वर्षे धरली तर सहा सहली. प्रत्येकी एक दिवस. 18,000 भागिले 6, म्हणजे एका दिवसाला 3,000 रुपये! उलट 1,500 रुपयांचा चांगला रेनकोट एकाच पावसाळ्यात 60 दिवस वापरला, तर दिवसाला 25 रुपये पडतात.

हाच हिशेब उलटही लागतो. जो वर्षातले 150 दिवस रानावनात काम करतो, त्याला तेच जाकीट चार वर्षे टिकले तर 600 दिवस मिळतात, म्हणजे दिवसाला 30 रुपये. वन्यजीव अभ्यासक किंवा हिमालयात जाणारा गिर्यारोहक यांनी असा कपडा घेतला, तर ती उधळपट्टी नव्हे. वस्तू महाग की स्वस्त, हे किमतीच्या चिठ्ठीवरून नव्हे, तर वापरावरून ठरते.

आता एक गोष्ट आणखी ध्यानात ठेवावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के, तर त्याहून महाग कपड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. जलरोधक कपडा घेताना आतली शिवण पट्टीने बंद केलेली आहे का, हे उलटून पाहावे. पाणी बहुधा शिवणीतूनच शिरते. आणि निघण्यापूर्वी सफारी सुरू आहे की नाही, याची वन खात्याकडे चौकशी करावी.

दिराने अखेर मातकट रंगाची पँट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि एक विंडचीटर घेतला. सारे मिळून 4,000 रुपयांत बसले. पहाटेच्या गारव्यासाठी दादाचा जुना लोकरी स्वेटर आणि कानटोपी होतीच. उरलेल्या पैशांतून सहलीच्या आठ दिवस आधी आईंचे यंत्र आले.

नागरहोळेला वाघ काही दिसला नाही. पण गाडी थांबली असताना आईंनी अचानक दिराचा हात धरला. “अरे, ते कोण ओरडतंय?”

ते चितळ होते. बऱ्याच वर्षांनी आईंनी कुणी न सांगता काहीतरी ऐकले होते.