घरचें शिक्षण : पृष्ठें सहा कीं तीन?

लहान मुलांच्या गणिताच्या पुस्तकांत घनाचें चित्र काढलेलें असतें व त्याखालीं प्रश्न असतो, ‘या आकृतीस पृष्ठें किती?’ एखादें मूल चित्र नीट न्याहाळून ‘तीन’ असें सांगतें आणि त्याचें उत्तर चुकीचें ठरतें. वस्तुतः त्यानें आपल्या डोळ्यांशीं इमानच राखलेलें असतें. कागदावरील घनाचीं तीनच पृष्ठें, सातच कोपरे आणि नऊच कडा दिसतात. बाकीचा भाग मागें दडलेला असतो. अशा वेळीं ‘सहा, आठ, बारा’ हे आंकडे पाठ करवून घेतले म्हणजे परीक्षेपुरतें काम भागतें खरें. परंतु आपण पाहिलें त्यापेक्षां घोकलेलें अधिक खरें, हा घातक धडाहि मूल त्यासोबत शिकतें.

यास्तव चित्राआधीं वस्तु हातीं द्यावी. जर्मन शिक्षणवेत्ता फ्रीड्रिख फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें बालशिक्षणाची संस्था काढली. त्यानें मुलांसाठीं योजिलेल्या खेळण्यांत गोल, घन व दंडगोल असें एक लांकडी त्रिकूट होतें. गोल कसाहि ठेवा, घरंगळतो. घन ठेवावा तेथें बसतो. दंडगोल मात्र उभा ठेवला तर बसतो आणि आडवा ठेवला तर घरंगळतो. घन दोरीस टांगून गरगर फिरविला असतां त्यांत दंडगोलाचा भास होतो, हें पाहून मुलें हरखून जातात.

आपल्या घरीं यासाठीं कांहींच विकत आणावयास नको. लाडू, सापशिडीचा फासा व वाटोळा डबा कापडी पिशवींत घालून मुलास आंत हात घालूं द्यावा आणि न पाहतां वर्णन करण्यास सांगावें. डोळ्यांस न दिसणारें मागचें पृष्ठ हातास सहज सांपडतें. मोजतांना मूल एकच कोपरा दोनदां मोजतें. म्हणून मोजलेल्या कोपऱ्यास कुंकवाचा ठिपका लावावा.

थोड्या मोठ्या मुलांसाठीं सोललेल्या बटाट्याचा घन कापावा. सुरी अर्थात् वडील माणसाच्याच हातीं असावी. ‘याचा एक कोपरा छाटला तर कोपरे किती उरतील?’ असें विचारावें. बहुतेक मुलें ‘सात’ म्हणतील. मग लहानसा तुकडा छाटून मोजावयास लावावें : कोपरे दहा भरतात! जेथें एक टोंक होतें तेथें आतां तीन कोपऱ्यांचें नवें पृष्ठ आलें, हें मूल स्वतःच शोधून काढतें. पृष्ठें सात व कडा पंधरा होतात. पृष्ठें आणि कोपरे यांच्या बेरजेंतून कडा वजा केल्या तर पूर्वीहि दोन उरत होते, आतांहि दोनच उरतात. सपाट पृष्ठांच्या, खांचा किंवा भोंकें नसलेल्या सर्व घनाकृतींस लागू पडणारा हा नियम ऑयलर या गणितज्ञानें १७५० सालीं मांडला.

एकत्र कुटुंबांत हें काम आजी, काकू किंवा आत्या, कोणासहि भाजी चिरतां चिरतां करतां येईल. मात्र उत्तर आधीं सांगून टाकण्याचा मोह सर्वांनींच, विशेषतः शाळेंत जाणाऱ्या थोरल्या भावंडांनीं, आवरावा. मुलाची मोजणी चुकली तर वस्तु पुन्हां त्याच्याच हातीं द्यावी आणि थोडा वेळ स्वस्थ बसावें.